चहापाशी बंद केलेला सिनेमा

जुलै महिना होता, २०१७ सालचा. महाबळेश्वरचा जुलै ज्यानं काढलाय त्याला वेगळं सांगायला नको. चार-चार दिवस पाऊस हटत नाही, धुकं खिडकीला येऊन टेकतं, अंगणापलीकडचं झाड दिसत नाही, धुतलेले कपडे तिसऱ्या दिवशीही ओलसरच. मग वीज आली की सगळं घर टीव्हीपुढे. माझी नणंद मिरजेहून मुलीला घेऊन राहायला आली होती. भाची तेव्हा नऊ वर्षांची. टीव्हीवर ‘सैराट’ लागला, पाटलाची लेक आर्ची आणि खालच्या जातीचा परश्या यांची गोष्ट. विहीर झाली, ट्रॅक्टर झाला, पळापळ झाली, हैदराबाद झालं, आर्चीला मूल झालं. मग एक दिवस दारात भाऊ उभा. बरोबर माहेरची माणसं, हातात आईनं पाठवलेल्या वस्तू. आर्चीनं चहा टाकला. आणि नणंदेनं रिमोट उचलून टीव्ही बंद केला.

“मग पुढं काय झालं?” भाचीनं विचारलं.

“काय व्हायचंय? भाऊ आला ना भेटायला. आईनं माफ केलं. झाले सगळे एक.”

नऊ वर्षांच्या पोरीला रक्त दाखवू नये, हे मला मान्य आहे. तेवढ्यापुरतं माझं काही म्हणणं नाही. पण रात्री पोरगी झोपल्यावर नणंद जे बोलली, ते पोरीपुरतं नव्हतं. “इतका चांगला सिनेमा, शेवटानं मातेरं केलं. काय गरज होती मारायची? आधी हसवायचं, नाचवायचं आणि जाता जाता थोबाडीत मारायची. पैसे मोजून रडायला कोण जाईल?”

हे तिचं एकटीचं मत असतं तर मी लिहायला बसले नसते. लग्नाच्या पंगतीत, एसटीत, शेजारच्या ओट्यावर, शिकल्यासवरल्या लोकांच्या बैठकीत, गेली कित्येक वर्षं मी हेच ऐकते आहे. ते मत त्यांच्याच बाजूनं, काही न दडवता, मांडते. सिनेमा करमणुकीसाठी असतो. दुःख घरात काय कमी आहे, की ते तिकीट काढून बघायचं? म्हणून शेवट गोड हवा. गोड नसेल तर निदान पुरता हवा, सगळ्या गाठी सुटलेल्या, कोणाचं काय झालं ते कळलेलं. शिवाय त्यातून समाजाला काही चांगला धडा मिळावा. आणि यातलं काहीच जमत नसेल तर शेवटी एखादा जबर धक्का तरी द्यावा. यातलं काहीही न देणारा शेवट म्हणजे फसलेला शेवट.

मला या मताचा राग येतो. सिनेमा बघणाऱ्या साध्या माणसाच्या नावानं ते बोललं जातं आणि त्या साध्या माणसालाच ते कमी लेखतं, म्हणून येतो.

नणंदेनं टीव्ही नेमका कुठे बंद केला, ते बघा. चहा उकळतोय, भाऊ बसलाय, माहेरच्या वस्तू निघताहेत. त्या घटकेला आर्चीच्या मनात काय असेल? हेच की, आईनं माफ केलं, झाले सगळे एक. नणंदेनं भाचीला जे सांगितलं, तेच. त्याच आशेनं तर तिनं त्यांना घरात घेतलं. म्हणजे ज्या गोड शेवटाची मागणी आपण करतो, तो दिग्दर्शक नागराज मंजुळे यांनी दाखवला आहे, अगदी चहाच्या वाफेसकट. त्या गोडव्यावर विश्वास टाकल्यावर काय होतं, ते पुढच्या काही क्षणांत दिसतं, चहाला आलेलीच माणसं आर्ची-परश्याला मारून टाकतात. जो चहापाशी थांबला तो आर्चीइतकाच फसला. फरक एवढाच की त्याला ते कधी कळणार नाही.

आणि हे अचानक कुठून आलं, असं म्हणणाऱ्यांना मी विचारते, पूर्वार्ध तुम्ही बघितला होता ना? सगळं थिएटर हसत-शिट्ट्या मारत असताना त्याच पूर्वार्धात आर्चीचा भाऊ प्रिन्स वर्गात शिकवणाऱ्या सरांच्या कानाखाली वाजवतो. सर दलित साहित्य शिकवत असतात. सगळ्या वर्गादेखत मारतो आणि त्याचं काहीही होत नाही. घरातून जाब नाही, कॉलेजातून नाही. ज्या गावात हे चालतं, त्या गावच्या पाटलाची लेक खालच्या जातीच्या पोराबरोबर निघून गेली तर काय होईल, ते दिग्दर्शकानं तिथंच सांगून ठेवलं होतं. आपण गाण्याची वाट बघत होतो म्हणून ऐकलं नाही. शेवटाच्या वेळी पार्श्वसंगीतही नाही. बाळाच्या रडण्याचाही आवाज नाही. बाळाची लाल पावलं उमटत जातात, आणि आपण तेवढे उरतो.

‘पैसे मोजून रडायला कोण जाईल?’ या प्रश्नाचं उत्तर तर महाराष्ट्रानं पुन्हा पुन्हा दिलंय. १९५३ साली आचार्य अत्र्यांचा ‘श्यामची आई’ आला, तेव्हा साने गुरुजींचं पुस्तक घराघरात पोचलेलं होतं. आई जाणार हे ठाऊक नसलेला प्रेक्षक त्या थिएटरात किती असेल? तरी लोक गेले, पोराबाळांना घेऊन गेले, आणि राष्ट्रपतींचं पहिलं सुवर्णपदकही त्याच सिनेमाला मिळालं. १९७२ साली व्ही. शांताराम यांच्या ‘पिंजरा’त मास्तर फासावर जातो, तेही स्वतःच्याच खुनाबद्दल. गावानं ज्याला देव मानलं त्या मास्तराची मूर्ती भंगू नये म्हणून तो खरं बोलत नाही आणि मरण पत्करतो. ‘पिंजरा’ लोकांनी डोक्यावर घेतला. १९९१ च्या ‘माहेरची साडी’ला बायका डोळे पुसायच्या तयारीनंच जात होत्या. आणि ‘सैराट’? शंभर कोटींचा टप्पा ओलांडणारा पहिला मराठी चित्रपट कोणता, ते आठवा. तो शेवट लोकांना नको होता तर बघून आलेल्यांनी दुसऱ्यांना पाठवलं कशाला? पैसे मोजून रडायला माणसं जातात. घरात रडायला जागा नसते, वेळ नसतो, कोणी बघितलं तर कारण सांगावं लागतं. थिएटरच्या अंधारात ते सांगावं लागत नाही.

आपल्या भाषेत दोन वेगळे शब्द आहेत आणि ते आपण एकच समजून वापरतो, इथं सगळा घोळ आहे. एक, शेवट आवडला नाही. दुसरा, शेवट पटला नाही. आर्ची-परश्याचं मरण आवडेल कोणाला? मला नाही आवडलं. अजून आठवलं की पोटात कालवतं. पण ते पटतं. आणि उलट, कितीतरी शेवट आवडतात, टाळ्या घेतात, आणि घरी येऊन हात-पाय धुतले की लक्षात येतं, हे काही पटलं नाही.

याचं सर्वांत चांगलं उदाहरण आमच्याच मुलखात आहे. जुन्या महाबळेश्वरच्या पंचगंगेच्या देवळात एका गोमुखातून पाच नद्यांचं पाणी येतं, पण सावित्री पश्चिमेला कोकणात उतरते आणि कृष्णा पूर्वेची वाट धरते. तसंच एका प्रश्नाचं झालं. म्हाताऱ्यानं कोवळ्या पोरीशी लग्न करायचं, हा तो प्रश्न. कृष्णेच्या काठी, सांगलीजवळच्या हरिपूरचे गोविंद बल्लाळ देवल. त्यांचं ‘संगीत शारदा’ १८९९ साली रंगमंचावर आलं. पैशासाठी बाप मुलीला विकतो, भुजंगनाथ नावाचा म्हातारा बोहल्यावर चढतो, आणि ऐन वेळी उघड होतं की वर आणि वधू सगोत्र आहेत. लग्न मोडतं. शारदा जीव द्यायला जाते, तरणाबांड कोदंड तिला वाचवतो, शंकराचार्यांची संमती मिळते, दोघांचं लग्न. गोड शेवट. देवलांबद्दल माझ्या मनात आदरच आहे. त्या काळात त्या नाटकानं कित्येक बापांच्या माना खाली घालायला लावल्या. (बालविवाहाविरुद्धच्या १९२९ च्या कायद्याला लोक ‘शारदा कायदा’ म्हणतात, ते मात्र हरबिलास सारडा यांच्या नावावरून, नायिकेवरून नव्हे.) पण शेवटापुरतं विचारते, गोत्र वेगळं निघालं असतं तर? पंचाहत्तरीकडे झुकलेला म्हातारा आणि कोवळी पोर, हे लग्न गोत्र एकच निघालं म्हणून थांबलं. ते क्रूर होतं म्हणून नाही थांबलं. नाटकानं आपल्या छातीवर जो प्रश्न ठेवला होता, तो शेवटानं अलगद उचलून बाजूला ठेवला आणि आपल्या हातात पेढा दिला.

आता दुसरी वाट. नारायण हरी आपटे सांगली भागातल्या समडोळीचे, आणि आयुष्य काढलं सातारा जिल्ह्यातल्या कोरेगावात. त्यांच्या कादंबरीचं नाव होतं ‘न पटणारी गोष्ट’. तिच्यावरून १९३७ साली प्रभातनं ‘कुंकू’ काढला, दिग्दर्शक व्ही. शांताराम. जिथं शारदेची गोष्ट संपते तिथं नीरेची सुरू होते, कारण इथं गोत्र आडवं येत नाही. लग्न लागतं. शांता आपटे यांची नीरा म्हाताऱ्या नवऱ्याला नवरा मानायला नकार देते. रडून नाही, रागानं, दिवसाढवळ्या, त्याच्याच घरात राहून. केशवराव दाते यांचे काकासाहेब हळूहळू आरशासमोर उभे राहतात. त्यांना स्वतःचं वय दिसतं, स्वतःचा अन्याय दिसतो. शेवटी नीरेनं दुसरं लग्न करावं असं पत्रात लिहून ते जीव देतात. हा शेवट कोणाला आवडला असेल? माणूस मेला, बाईच्या कपाळाचं कुंकू गेलं, आणि त्या काळात विधवेनं पुन्हा लग्न करायचं म्हणजे काय होतं ते तिचं तिनं बघायचं. गाठ एकही सुटलेली नाही. तरी तो शेवट पटतो, कारण अपराध ज्याचा त्यानंच किंमत मोजली. कोणत्याही शास्त्रानं, कोणत्याही योगायोगानं त्याची सुटका केली नाही.

माझी कसोटी ही आहे. सिनेमानं स्वतः जो प्रश्न उभा केला, त्याला शेवट सामोरा गेला का? की मागच्या दारानं निसटला? गोड की कडू, हे नंतर.

‘पण आपली परंपराच सुखान्ताची आहे, हे रडगाणं बाहेरून आलं,’ असं म्हणणारे विद्वानही भेटतात. कोणती परंपरा? महाभारताच्या शेवटी सगळी भावंडं आणि द्रौपदी वाटेत कोसळतात, धर्मराज एका कुत्र्याबरोबर चालत राहतो. सीता धरणीच्या पोटात जाते. भासाच्या ‘ऊरुभंगा’त दुर्योधन मांड्या मोडून पडलेला आहे आणि तिथंच नाटक संपतं. आणि मराठी माणसाच्या जिभेवर जो शेवट शेकडो वर्षं बसलाय तो कोणता? गड आला पण सिंह गेला. तानाजी मरणार हे माहीत असलेला गाव पोवाडा ऐकायला बसतो, दर वेळी बसतो. त्यातलं ‘सिंह गेला’ काढून टाका आणि नुसता गड आला म्हणा. ऐकेल कोणी? हॅम्लेटसारखं सगळ्यांच्या प्रेतांनी संपणारं नाटक मराठीत ‘विकारविलसित’ म्हणून आणलं ते गोपाळ गणेश आगरकरांनी, कऱ्हाडजवळच्या टेंभूच्या माणसानं. त्यांना काही कळत नव्हतं, असं म्हणायचंय का?

गोडव्याचा हट्ट मात्र सगळीकडे झाला आहे, इंग्रजांच्या देशातही. शेक्सपिअरचा ‘किंग लिअर’ फार क्रूर वाटला म्हणून नेहम टेट नावाच्या लेखकानं १६८१ साली त्याला सुखाचा शेवट जोडला, आणि दीडशे वर्षं तिथल्या रंगमंचावर तोच चालला. आज लिअर कोणाचा वाचतात?

चांगल्या संदेशाचं म्हणणं मला जास्त धोक्याचं वाटतं, कारण त्याच्या मागे सत्ता उभी राहू शकते. ‘शोले’त दोन्ही हात तोडलेला ठाकूर गब्बरला पायांनी ठार करतो, असा शेवट चित्रित झाला होता. साल १९७५, आणीबाणी. सेन्सॉरनं सांगितलं, कायदा हातात घेतल्याचं दाखवायचं नाही. मग ऐन वेळी पोलीस आले आणि गब्बरला बेड्या पडल्या. ज्या गावात अख्ख्या सिनेमाभर पोलीस कामाला येत नाहीत, म्हणून तर ठाकूर दोन चोरांना आणतो, तिथं शेवटच्या मिनिटाला पोलीस कसे पोचले? संदेश चांगला गेला असेल. गोष्टीचा मात्र कणा मोडला.

‘उंबरठा’चं उदाहरण याच्या उलट. १९८२ चा जब्बार पटेलांचा सिनेमा. स्मिता पाटील यांची सुलभा महिलाश्रमाची नोकरी सोडून घरी परत येते, तर नवऱ्याचं दुसरीकडे नातं जडलेलं आणि मुलगी परकी झालेली. ती पुन्हा उंबरठा ओलांडते, एकटी. ‘बायकांनी घरं सोडावीत असा संदेश जातो,’ असं या शेवटाबद्दल मी लहानपणापासून ऐकत आले. ज्या बाईला घरात जागाच उरलेली नाही तिनं घरात राहावं, हा चांगला संदेश का? ‘सैराट’च्या वेळी तर गंमत नाही, खरंच मनस्ताप झाला. सकाळी एकजण म्हणाला, यानं पोरी पळून जातील. संध्याकाळी दुसरा म्हणाला, यानं प्रेम करणारी पोरं भेदरून जातील. एकाच शेवटाचे दोन उलटे संदेश! शेवट म्हणजे ग्रामपंचायतीच्या भिंतीवरची पाटी नव्हे, की वाचली आणि त्याप्रमाणे वागलो.

आता ‘काही कळलंच नाही, अर्धवट सोडला’ हा आरोप. तो सर्वांत जास्त झाला चैतन्य ताम्हाणे यांच्या ‘कोर्ट’वर. २०१५ साली तो थिएटरात आला तेव्हा माझ्या मागच्या रांगेतला माणूस दिवे लागल्यावर मोठ्यानं म्हणाला, “निकाल कुठाय?” लोकशाहीर नारायण कांबळे यांच्यावर खटला असतो. त्यांचं गाणं ऐकून एका गटार साफ करणाऱ्या कामगारानं आत्महत्या केली, असा आरोप. तारखा पडतात, साक्षी होतात, जामीन होतो, पुन्हा अटक होते, आणि उन्हाळ्याची सुट्टी लागते. कोर्टाची खोली रिकामी होते. दिवे मालवतात. पडदा काळा, आणि तो काळाच राहतो, इतका वेळ की माणसं उठू लागतात. मग एकदम झगझगीत ऊन. न्यायाधीश कुटुंबाबरोबर एका रिसॉर्टवर आले आहेत. दुपारी बाकावर बसल्या बसल्या त्यांना डुलकी लागते. पोरं दबकत येतात आणि सगळी मिळून त्यांच्या कानाशी ओरडतात. न्यायाधीश दचकून उठतात, हाताला लागेल त्या एका पोराच्या थोबाडीत देतात. ते पोर रडत जातं. न्यायाधीश पुन्हा मान टाकतात आणि झोपतात. संपला सिनेमा.

त्या बाकाकडे नीट बघितलं त्याला निकाल मिळालेला आहे. कांबळे निर्दोष आहेत हे तर आपल्याला सुरुवातीलाच कळलेलं असतं, सिनेमाला ते शोधायचंच नव्हतं. हा खटला कोणाच्या हातात आहे, तो माणूस काळा कोट उतरवल्यावर कसा आहे, हे तो पहिल्यापासून दाखवत आला. वकील दुकानात काय घेतो, सरकारी वकीलबाई घरी काय स्वयंपाक करतात, सगळं दाखवलं. राहिले होते न्यायाधीश. झोप मोडली म्हणून, चूक कोणाची ते न बघता, हाती लागेल त्याला शिक्षा, आणि मग पुन्हा झोप. याहून पुरता शेवट कसा असतो?

धक्क्याचंही तेच. निशिकांत कामत यांचा हिंदी ‘दृश्यम’ गोव्यात घडतो. प्रेत नव्या पोलीस स्टेशनच्या जमिनीखाली पुरलं आहे, हे शेवटी कळतं तेव्हा अंगावर काटा येतो. पण ती इमारत सबंध सिनेमाभर आपल्या डोळ्यांपुढे बांधली जात होती. धक्का लागला तो लपवलेल्या गोष्टीनं नाही, दिसत असून न बघितलेल्या गोष्टीनं. बाहेरून आणून आदळलेला धक्का दुसऱ्यांदा बघताना लागत नाही.

मी गोड शेवटांच्या विरोधात आहे, असा अर्थ कोणी काढू नये. वाईजवळ मेणवलीचा घाट ‘स्वदेस’मध्ये आहे. मोहन अमेरिकेतली नोकरी सोडून परत येतो आणि मातीत कुस्ती खेळतो, हा शेवट गोड आहे आणि पटतो, कारण त्या माणसाला गावाच्या मातीचा आणि पाण्याचा हिशेब आधी दोन-अडीच तास चुकता करावा लागला आहे. त्याच रस्त्यानं वर आलं की पाचगणी. तिथल्या शाळेत ‘तारे जमीं पर’ चित्रित झाला, २००७ साली. त्या सिनेमानं मला खूप रडवलं, त्यातल्या वाचता न येणाऱ्या ईशानवर माझा जीव आहे. आणि म्हणूनच त्याचा शेवट मला आजही सलतो. स्पर्धा, नंबर, मार्क यांत मुलांना भरडू नका, असं तो सिनेमा जीव तोडून सांगतो. मग शेवटी काय होतं? चित्रकलेची स्पर्धा होते आणि ईशानचा पहिला नंबर येतो. आईबापाचे डोळे भरून येतात. तो नंबर आला नसता तर? ज्या मुलाला वाचता येत नाही आणि चित्रंही बेताचीच काढतो, त्याचं काय? पाचगणीच्या वसतिगृहांत अशी मुलं राहतात. त्यांच्यासाठी तो सिनेमा होता, आणि शेवटानं त्यांचा हात सोडला. टाळ्या वाजत असताना सोडला, म्हणून कोणाला दिसलं नाही.

आणि महाबळेश्वरकर ज्याचा अभिमान बाळगतात तो राज कपूरचा ‘बरसात’, १९४९ चा. त्यातले काही प्रसंग इथं चित्रित झाले. दोन मित्र, एकाला प्रेम म्हणजे जीव ओतणं वाटतं, दुसऱ्याला वेळ घालवणं. पहिल्याला त्याची रेश्मा मिळते. दुसऱ्याला शहाणपण येतं तेव्हा नीला उरलेली नसते. तिच्या चितेशी सिनेमा थांबतो. नीलालाही जिवंत ठेवून दोन्ही लग्नं लावली असती तर सगळे खूश झाले असते. मग दोन मित्र इतका वेळ भांडत कशासाठी होते?

संध्याकाळी मुंबई पॉइंटवर जा. सूर्यास्त बघायला गर्दी लोटते. मक्याची कणसं, घोडे, फोन वर धरलेले हात. सूर्य टेकला की ओरडा होतो, आणि शेवटची कड बुडाली की सगळी माणसं एकदम वळतात. गाड्या सुरू होतात, दहा मिनिटांत कठडा रिकामा. खरा रंग त्यानंतर येतो. दरीतलं धुकं आधी जांभळं होतं, मग निळं, डोंगरांच्या कडा एकामागून एक काळ्या पडत जातात, आणि खालच्या वाड्यांचे दिवे लुकलुकायला लागतात. माझे वडील लहानपणी हाताला धरून थांबवायचे, जाऊ द्यायचे नाहीत. सिनेमा संपल्यावर लगेच उठून ‘शेवट नाही आवडला’ म्हणणाऱ्या माणसाला मला तसंच हाताला धरून थांबवावंसं वाटतं. घरी जा, झोपा, उद्या भाजी चिरताना काय आठवतं ते बघा. जो शेवट दुसऱ्या दिवशी, दुसऱ्या वर्षी तुमच्याशी बोलतो, तो तुम्हाला आवडलेला नसला तरी तुमचा झालेला असतो. प्रेक्षकाला गोड खाऊ घालून घरी पाठवा, नाहीतर तो रुसेल, असं म्हणणारे त्याला नऊ वर्षांचं मूल समजतात. तो नऊ वर्षांचा नाही. त्यानं मर्तिकं बघितली आहेत, भावकीचे खटले बघितले आहेत, पोरीच्या लग्नात पाय धरले आहेत. त्याच्याशी खोटं बोलायचा अधिकार कोणालाही नाही.

भाची आता मोठी झाली. गेल्या मे महिन्यात ती आणि नणंद पुन्हा आल्या होत्या. एका रात्री पोरीनं आपल्या फोनवर ‘सैराट’ एकटीनं पूर्ण बघितला, आम्हाला न सांगता. सकाळी स्वयंपाकघरात आली, डोळे सुजलेले. मी कणीक मळत होते, नणंद खाली बसून मटार सोलत होती. पोरगी दाराच्या चौकटीला टेकून उभी राहिली. आईनं तेव्हा खोटं सांगितलं, म्हणून चिडेल असं मला वाटलं होतं. ती चिडली नाही.

“मामी,” ती म्हणाली, “त्या बाळाला मग कोणी घेतलं असेल?”

मला उत्तर सुचेना. कणकेत हात तसेच राहिले. नणंदेनं मान वर केली नाही, शेंग सोलता सोलता म्हणाली,

“शेजारीण होती ना. तीच तर त्याला दारापर्यंत सोडून गेली होती. रडणं ऐकून आली असेल परत.”